अंबडच्या ऑफिसात आयपी फोनचा आवाज तुटतोय, व्हीलॅन करू का?

हिशेबी_माणूस | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी मूळचा अकाउंट्सवाला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याच्या ऑफिसात आहे. आपल्याला कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं, असं एकदा चुकून बोलून गेलो आणि तेव्हापासून प्रिंटर, वायफाय, कॅमेरे असं सगळं माझ्याच गळ्यात आहे.

जूनमध्ये वीज कडाडली तेव्हा जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसातलं टेलिफोन एक्स्चेंज) गेलं. नवीन घेण्याऐवजी साहेबांनी आयपी फोन घेतले. एकूण ३४ फोन, तळमजला आणि पहिला मजला मिळून. एक गेटवर. दोन्ही मजल्यांवर एकेक मॅनेज्ड पीओई स्विच आहे (फोनला वीजही त्याच वायरमधून देतो; विकणाऱ्याने दिला, आत काय सेटिंग असते ते मी अजून उघडूनही पाहिलेलं नाही). भिंतीवर आयओ पॉइंट (नेटवर्कच्या वायरचे सॉकेट) कमी, म्हणून भिंतीतली वायर फोनला आणि फोनच्या मागून कॉम्प्युटरला, अशी जोडणी आहे. त्याच जाळ्यावर १६ कॅमेरे, ४० कॉम्प्युटर आणि लोकांचे मोबाईल. सगळे एकाच १९२.१६८.१ मध्ये.

तक्रार अशी, की सकाळी दहा ते साडेअकरा आवाज तुटतो. पाण्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दुपारी जेवणानंतर बरा असतो. फोनवाला म्हणतो इंटरनेट १०० चं २०० करा. ओळखीचा एक पोरगा म्हणतो व्हीलॅन करा, फोनचं जाळं वेगळं काढा.

तर व्हीलॅन म्हणजे नक्की काय, त्यासाठी नवीन सामान लागेल का, आणि फोनमागे लावलेले कॉम्प्युटर तसेच राहतील का? साहेबांना शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

---

तारवाला_सातपूर | सोमवार, रात्री १०:०५

एक रुपया खर्चू नका आधी. एवढंच सांगा: आवाज बाहेरच्या कॉलला तुटतो की ऑफिसातल्या ऑफिसातसुद्धा? एक्स्टेंशनवरून एक्स्टेंशनला लावा, दहा ते साडेअकराच्या मध्येच. तळमजला ते तळमजला, मग तळमजला ते वरचा मजला. आणि कुणाला कुणाचा आवाज तुटका येतो तेही लिहून ठेवा. "दोघांनाही" असं ऐकीव उत्तर नको.

---

शब्दकुतूहल | सोमवार, रात्री १०:३१

व्हीलॅनला 'आभासी स्थानिक जाळे' हा सुटसुटीत मराठी शब्द असताना आपण तो का वापरत नाही?

---

तारवाला_सातपूर | सोमवार, रात्री १०:३४

कारण शिडीवर उभं राहून खालच्या पोराला "आभासी स्थानिक जाळे क्रमांक वीस टॅग कर" असं ओरडेपर्यंत मी पडेन.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री ११:२०

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

जुन्या नाशकातला वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा एक, जिना एक, पण बिऱ्हाडं दोन. एका बिऱ्हाडातली हाक दुसऱ्यात ऐकू जात नाही आणि जायचंच असेल तर अंगणातून, दारावर कडी वाजवून जावं लागतं. स्विच म्हणजे वाडा, व्हीलॅन म्हणजे बिऱ्हाड. अंगण म्हणजे तुमचा राउटर.

हे होतं कसं, तर वायरवरून जाणाऱ्या फ्रेमला (डेटाच्या पुडक्याला) ४ बाइटची एक चिठ्ठी चिकटवतात. तिला टॅग म्हणतात, आणि तिचं मानक ८०२.१क्यू हे १९९८ सालचं आहे. चिठ्ठीत १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. म्हणजे ४०९६ आकडे, पहिला आणि शेवटचा राखीव, तुमच्या हाती १ ते ४०९४. त्याच चिठ्ठीत आणखी ३ बिट असतात प्राधान्यासाठी, ० ते ७. आवाजाला सहसा ५ देतात. हे ३ बिट लक्षात ठेवा. बहुतेक लोक क्रमांकाच्या नादात त्यांना विसरतात आणि मग "व्हीलॅन करूनही फरक नाही" म्हणून धागे काढतात.

फोनमागे कॉम्प्युटर राहू शकतो. आयपी फोनच्या पोटात तीन तोंडांचा छोटा स्विच असतो: एक तोंड भिंतीकडे, एक कॉम्प्युटरकडे, तिसरं खुद्द फोनसाठी. फोन आपल्या आवाजावर चिठ्ठी लावून पाठवतो, कॉम्प्युटरचं सगळं बिनचिठ्ठीचं जातं. एकाच वायरवरून दोन बिऱ्हाडं. तुमचे स्विच मॅनेज्ड आहेत तर नवीन सामान लागायचं कारण नाही.

---

कॉलेजरोड_०७ | मंगळवार, सकाळी ८:१५

माझं मत जरा वेगळं. ३४ फोनसाठी व्हीलॅन म्हणजे डासाला तोफ. व्हीलॅनने रस्ता रुंद होत नाही. द्वारकेच्या चौकात रिक्षांची वेगळी रांग आखली म्हणून चौक मोठा होतो का? वायर तीच, वेग तोच.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ८:५०

बरोबर, रुंद होत नाही. पण द्वारकेला अँब्युलन्स आल्यावर पोलीस जे करतो, ते त्या ३ बिटांनी होतं. आणि दुसरं कारण आहे पत्त्यांचं. ३४ फोन, ४० कॉम्प्युटर, १६ कॅमेरे, शिवाय प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल. एका जाळ्यात पत्ते २५४. पाहुण्याच्या मोबाईलने शेवटचा पत्ता घेतला, की बंद-चालू केलेला फोन "नेटवर्क मिळत नाही" म्हणत बसतो. हे मी पाहिलंय.

---

हिशेबी_माणूस | मंगळवार, दुपारी १:१०

तारवाला, तुम्ही सांगितलं तसं केलं. वहीच घेऊन बसलो. तळमजला ते तळमजला: स्वच्छ. वरचा ते वरचा: स्वच्छ. तळमजला ते वरचा: तुटतो. आणि गंमत म्हणजे वरच्यांना खालचा आवाज तुटका येतो, खालच्यांना वरचा एकदम नीट. दोन वेगळ्या फोनवरून, चार वेळा करून पाहिलं.

---

तारवाला_सातपूर | मंगळवार, दुपारी १:२५

इंटरनेट सुटलं निर्दोष. साहेबांना सांगा २०० चं बिल वाचलं.

दोन मजल्यांमधली वायर भरतेय. आवाजाचा हिशोब करा, तुम्ही हिशेबाचेच. जी.७११ कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) आवाज ६४ किलोबिट, पण तो सेकंदाला ५० पॅकेटांत जातो, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट नुसती पत्त्यांची कागदपत्रं. इथरनेटचं वेष्टन धरून एका बाजूने साधारण ८७ किलोबिट. सगळे ३४ एकदम बोलले तरी ३ मेगाबिट. हे म्हणजे काहीच नाही. भरणारा दुसराच आहे कुणीतरी. माझा संशय कॅमेऱ्यांवर. रेकॉर्डर कुठंय, वर की खाली?

आणि स्विचवर त्या दोन मजल्यांच्या पोर्टचा दिवा कुठल्या रंगाचा आहे? शेजारच्या पोर्टांपेक्षा वेगळा आहे का?

---

हिशेबी_माणूस | मंगळवार, दुपारी ३:४०

रेकॉर्डर खाली. वर कॅमेरे ७. दिवा नारिंगी, बाकीचे बरेचसे हिरवे. स्विचवर छापलंय: हिरवा १०००, नारिंगी १००. पण दोन्ही स्विच गिगाबिट आहेत हो, बिलावर लिहिलंय!

---

गोदाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

तारवाला, कॅमेरे नसावेत. कॅमेऱ्यांचं वरून खाली जातं, आणि तुटतोय तो खालून वर जाणारा आवाज. वायर दोन्ही दिशांना स्वतंत्र चालते. खालून वर सकाळी दहाला काय जातं?

---

हिशेबी_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

डिझाइन विभाग वर बसतो. सर्व्हर खाली. सकाळी आल्या आल्या ते सगळे ड्रॉइंग उघडतात, एकेक फाईल दोनशे-तीनशे एमबीची. साडेअकरानंतर मग निवांत काम करतात.

सापडलं की काय?

---

तारवाला_सातपूर | मंगळवार, संध्याकाळी ६:४१

अर्धं सापडलं. माझा कॅमेऱ्यांचा अंदाज चुकला, गोदाकाठ यांचं बरोबर. आता उरलेलं अर्धं: दोन गिगाबिट स्विच मधे १०० वर का बोलतायत?

गिगाबिटला वायरमधल्या चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी कुठे तुटलेली असेल तर बरेच स्विच काही न बोलता १०० वर उतरतात. इमारत ईपीएबीएक्सच्या काळातली आहे ना? जिन्याखालचा क्रोनचा डबा (टेलिफोनच्या तारा जोडतात तो) उघडा उद्या. मी पैज लावतो.

---

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री ९:०५

धाग्यात मधेच घुसतोय, माफ करा. आमचं पॅकहाऊस पिंपळगाव बसवंतला, ऑफिस नाशकात. दोन्हीकडचे फोन एकाच व्हीलॅनमध्ये टाकता येतील का, म्हणजे पॅकहाऊसला एक्स्टेंशन दाबून फोन लागेल?

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

व्हीलॅनचा टॅग साध्या इंटरनेटवरून पलीकडे जात नाही, तो तुमच्या राउटरपाशीच गळून पडतो. दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएन (इंटरनेटमधून खासगी बोगदा) करा. नाशिकला फोनचा व्हीलॅन २० आणि पिंपळगावला ५० असला तरी चालतं, फक्त दोन्हीकडचे आयपी पत्ते वेगळे ठेवा. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर डोकं धरून बसाल. एक्स्टेंशन दाबून फोन लागणं हे एक्स्चेंजचं काम, व्हीलॅनचं नव्हे.

बाहेरच्या लाइनसाठी सिप ट्रंक परवानाधारक कंपनीकडूनच घ्या. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणि मग जून २०२१ मध्ये कॉल सेंटर वगैरेंसाठीचे ओएसपीचे नियम बरेच सैल केले, पण त्याचा अर्थ सिमकार्डांचा डबा आणून परदेशी कॉल वळवा असा नाही. तो गुन्हाच आहे.

---

हिशेबी_माणूस | बुधवार, दुपारी १२:१५

तारवाला, पैज जिंकलात.

जिन्याखालचा पत्र्याचा डबा उघडला. आत धूळ, एक मेलेली पाल, आणि मजल्यांमधली ती कॅट सिक्स वायर. तिचं वेष्टन वीतभर सोललेलं. नारिंगी आणि हिरवी जोडी सरळ जॅकमध्ये गेलेली. निळी जोडी बाहेर काढून क्रोनवर पंच केलेली (दाबून बसवलेली), वर पेनाने लिहिलेलं "सा. केबिन". तपकिरी नुसतीच कापून गुंडाळून ठेवलेली. म्हणजे कधीतरी साहेबांच्या केबिनला इंटरकॉम द्यायचा होता, नवीन वायर ओढायचा कंटाळा आला, आणि कुणीतरी नेटवर्कच्या वायरमधली जोडी उसनी घेतली. ईपीएबीएक्स गेलं, केबिनमध्ये आयपी फोन आला, जोडी तिथेच.

---

तारवाला_सातपूर | बुधवार, दुपारी १२:२०

अशा डब्यांवर माझं घर चाललंय.

दोन्ही टोकं नवीन पंच करा, चारही जोड्या. जॅकपाशी जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नका. दिवा हिरवा झाला की सांगा.

---

कॉलेजरोड_०७ | बुधवार, दुपारी २:००

म्हणजे व्हीलॅन न करताच काम झालं. मी म्हणत होतो ते हेच.

---

गोदाकाठ | बुधवार, दुपारी ४:४५

आज झालं. डिझाइनवाले उद्या आणखी मोठ्या फाईली आणतील, परवा कुणी वरून खाली बॅकअप लावेल. उलट मी म्हणेन, प्राधान्य लावलं असतं तर १०० च्या वायरवरही आवाज तुटला नसता. वायर दुरुस्त करा, पण हात घातलाच आहे तर शनिवारी व्हीलॅनही करून टाका. मी करतो ती रीत सांगतो.

कॉम्प्युटरना १०, फोनना २०, कॅमेऱ्यांना ३०. आकड्यांना अर्थ नाही, पण पत्त्यातही तोच आकडा ठेवला (१९२.१६८.२०) की दोन वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळतं. व्हीलॅन १ मध्ये काही ठेवू नका, कारण कारखान्यातून स्विच येतो तेव्हा सगळी पोर्टं त्याच १ मध्ये असतात आणि नवा स्विच कुणी आणून लावला की घोळ होतो.

फोनच्या पोर्टवर १० अनटॅग्ड, २० टॅग्ड, पीव्हीआयडी १०. पीव्हीआयडी म्हणजे बिनचिठ्ठीचं जे येईल त्याला कुठल्या बिऱ्हाडात धाडायचं तो आकडा. अनटॅग्ड १० करून पीव्हीआयडी १ च ठेवणं ही सगळ्यांची पहिली चूक असते. माझीही होती. मजल्यांमधल्या पोर्टवर आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर तिन्ही टॅग्ड.

फोनला आपला व्हीलॅन २० आहे हे कळणार कसं? ३४ फोनांच्या मेन्यूत जाऊन बोटं झिजवू नका. स्विचमध्ये एलएलडीपी-मेड चालू करा आणि व्हॉइस व्हीलॅन २० लिहा, फोन चालू होताना स्विचच त्याला सांगतो. सिस्कोचे फोन सीडीपीही (त्यांची स्वतःची तशीच रीत) समजतात. काही फोन डीएचसीपीच्या (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेच्या) पर्यायातून क्रमांक उचलतात, येलिंकमध्ये त्यासाठी १३२ हा पर्याय असतो.

राउटरवर तिन्ही जाळ्यांना वेगळं डीएचसीपी. एक्स्चेंज २० मध्येच ठेवा. १० मधून २० मध्ये फक्त तुमच्या कॉम्प्युटरला वाट द्या, एक्स्चेंजचं पान उघडण्यापुरती. कॅमेऱ्यांना कुठेच जायचं कारण नाही. राउटरमध्ये सिप एएलजी (फोनच्या पॅकेटांतले पत्ते आपणहून बदलणारी सोय) असेल तर बंद. नाव मदतीचं, पण बाहेरच्या कॉलला एकीकडचाच आवाज येण्याचं ते नेहमीचं कारण. बाहेरून येणाऱ्या ५०६० पोर्टची (स्विचचं भोक नव्हे, सिप कॉलसाठीचा क्रमांक) वाट सगळ्या जगाला उघडी ठेवू नका, रात्रीतून कुणीतरी तुमच्या लाइनवरून परदेशी बोलून घेतं आणि बिल तुम्हाला.

शेवटी प्राधान्य. फोनमध्ये आवाजाचा डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ४६ आहे का बघा, बहुतेकांत मुळातच असतो. स्विचमध्ये तो मानायचं चालू करा आणि त्याला सगळ्यात वरची रांग द्या.

---

तारवाला_सातपूर | बुधवार, रात्री ९:१५

एवढं सगळं करायच्या आधी शनिवारी एक फेरी मारा. प्रत्येक टेबलाखाली वाका. कुठे ना कुठे पाच-आठ पोर्टचा साधा स्विच लपलेला असतो, कुणीतरी मार्च एंडला आणून लावलेला. काही साधे स्विच टॅग जाऊ देतात, काही गिळतात. काढून टाका.

आणि लूप प्रोटेक्शन (वायर फिरून त्याच जाळ्यात आली तर पोर्ट बंद करणारी सोय) चालू करा, हात जोडून सांगतो. गेल्या वर्षी एका ऑफिसात बोलावलं, सगळं जाळं आडवं. फोन मेले, सर्व्हर मेला. रॅकपाशी गेलो तर चारही स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकतायत, दिवाळीची माळ. तासभर एकेक वायर उपटत बसलो. शेवटी कॉन्फरन्स रूममध्ये टेबलावरचा फोन. त्याच्या मागच्या दोन्ही तोंडांतून वायर निघून भिंतीतल्या दोन्ही पॉइंटमध्ये गेलेली. सफाईच्या मावशींनी टेबल पुसताना लोंबणारं टोक बघितलं, शेजारी रिकामं भोक बघितलं, आणि नीटनेटकं करून ठेवलं. मावशींची काय चूक? लूप प्रोटेक्शनची खूण केलेली असती तर तेवढं एक पोर्ट बंद पडलं असतं.

---

शब्दकुतूहल | बुधवार, रात्री ९:५०

'एका तालात लुकलुकतायत' हे छान लिहिलंत.

---

हिशेबी_माणूस | रविवार, सकाळी ११:३०

काल दुपारी दोनला सुरू केलं, रात्री साडेनऊला घरी. जे झालं ते लिहितो, माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

मजल्यांमधली वायर गुरुवारीच नीट झाली. दिवा हिरवा, शुक्रवारी सकाळी डिझाइनवाले फाईली उघडत असताना आवाज स्वच्छ. तेवढ्यावर थांबावं असं वाटलं, खरं सांगतो. पण टेबलांखाली तीन साधे स्विच सापडले आणि म्हटलं नको, करूनच टाकू.

पहिल्या दहा मिनिटांत मीच स्विचच्या बाहेर फेकला गेलो. ज्या पोर्टला माझा लॅपटॉप होता त्याचाच पीव्हीआयडी २० केला. पान गायब. घाम फुटला. मग आठवलं, अजून सेव्ह केलेलं नाही. स्विच बंद करून चालू केला, जुनं सगळं परत. त्यानंतर लॅपटॉपचं पोर्ट शेवटपर्यंत शिवलो नाही.

३४ पैकी ३१ फोनांनी एलएलडीपीने आपणहून २० घेतला. दोन जुने, कुणीतरी आधीच्या ऑफिसातून आणलेले, त्यांना हाताने लिहावं लागलं. काही फोन जुनाच १९२.१६८.१ चा पत्ता धरून बसले होते, त्यांचा पीओई पोर्टवरूनच बंद-चालू केला.

पीओईची एक भीती होती. स्विचवर एकूण १९० वॅट लिहिलेत आणि ८०२.३एएफ प्रमाणे एका पोर्टला १५.४ वॅट, म्हणजे बाराच फोन चालणार असं वाटलं. प्रत्यक्षात स्विच दाखवतो की एकेक फोन ३ ते ४ वॅटच घेतो.

तक्रार एकच आली. खरेदी विभागातले म्हणतात कॉम्प्युटर पूर्वीपेक्षा हळू.

---

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२:१०

त्यांचे फोन स्वस्तातल्या मॉडेलचे असतील. त्यांच्या पोटातला स्विच १०० चाच असतो, मागे लावलेल्या कॉम्प्युटरलाही तेवढंच मिळतं. व्हीलॅनमुळे नाही, फोन आले त्या दिवसापासून तसंच असणार. आता तुम्ही काहीतरी केलंत हे त्यांना माहीत झालंय, एवढाच फरक. ज्यांना मोठ्या फाईली लागतात त्यांना वेगळा पॉइंट द्या.

३१ आणि २, तेहतीस झाले. चौतिसावा?

---

हिशेबी_माणूस | रविवार, दुपारी १२:२५

गेटचा. तो कधी लागतो, कधी नाही. फोनवाल्याने थेट वायर टाकलीय, रॅकपासून मोजली तर १३५ मीटर भरते.

---

तारवाला_सातपूर | रविवार, दुपारी १२:४०

मर्यादा १०० मीटरची. तो व्हीलॅननेही लागणार नाही आणि नवसानेही. शिवाय उघड्यावरून तांब्याची वायर नेऊन थेट स्विचमध्ये घातली, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ईपीएबीएक्सच्या मागोमाग स्विच.

गेटला जुनी दोन तारांची जोडी असेलच ना? रॅकमध्ये एक पोर्टचा एटीए (साधा फोन आयपीला जोडणारा डबा) लावा, त्याचा व्हीलॅन २०, आणि त्याच्यातून जुन्या जोडीवर साधा फोन. मधे क्रोनवर जीडीटी (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. टिकाऊ हवं असेल तर गेटपर्यंत फायबर, पण एका फोनसाठी साहेब ऐकायचे नाहीत.

---

हिशेबी_माणूस | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

लावला. जुना डबडा फोन भंगारातून परत काढला, गोल घंटीवाला. वॉचमन काका खूश आहेत, म्हणतात नवीन फोनची रिंग ट्रकच्या आवाजात ऐकूच येत नव्हती.